बंद घर आणि चालू स्पीकर: कितपत भरवसा ठेवावा?

ओसरी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मेच्या शेवटी ताईकडे बंगळुरूला जातायत, परत येतील ते आषाढात. तोवर गुहागर तालुक्यातलं आमचं घर बंद. बैठं कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर आणि पोफळी. शेजार हाकेच्या अंतरावर आहे, पण त्या घरात आता एकट्या काकू असतात आणि त्यांना ऐकू कमी येतं. मी ठाण्याला. पावसाळ्यात तिकडे सारखं जाणं जमत नाही.

बाबांना गेल्या वर्षी भाच्याने ॲलेक्साचा स्पीकर दिला. सकाळी त्यावर अभंग लागतात आणि दुपारी बाबा त्याला क्रिकेटचा स्कोअर विचारून वर त्याचीच उलटतपासणी घेतात. गावात फायबर आलंय, त्यामुळे नेट बरं चालतं. यंत्र घरात आहेच, तर घर राखायला त्याचा काही उपयोग होईल का? नेटवर शोधलं तर सगळं अमेरिकेतल्या घरांबद्दल. काच फुटली की स्पीकर ओळखतो, फोनवर कळवतो, दिवे लावतो. आमच्या खिडक्यांना काचा थोड्या आणि गज जास्त. आणि आमच्याकडचा चोर काच कशाला फोडेल, तो चार कौलं काढून माळ्यावर उतरेल.

दोन-तीन प्लग, एखादा सेन्सर एवढ्या खर्चाची तयारी आहे. कॅमेरे नकोत, आईला ते घरात चालत नाहीत. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी लिहा. 'कुत्रा पाळा' हा सल्ला येणार हे माहीत आहे. तो देणाऱ्याने दीड महिना कुत्र्याला जेवायला कोण घालणार तेही लिहावं.

---

पोह्यांवरखोबरं (सोमवार, रात्री ९.४६)

कुत्रा पाळा.

(पळतो.)

---

फ्यूजवायर (सोमवार, रात्री १०.३०)

@ओसरी, स्पीकर स्वतः काही राखत नाही. तो ऐकतो, बोलतो आणि दुसऱ्या वस्तूंना हुकूम सोडतो. त्या वस्तू म्हणजे स्मार्ट प्लग, बल्ब, दाराचा सेन्सर. आणि हुकमाचा रस्ता लांबचा आहे. 'दिवा लाव' म्हटलं की ते बोलणं आधी स्पीकरवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथून प्लगवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि मग उलटं फिरून तुमच्या राउटरमधून त्याच खोलीतल्या प्लगपर्यंत येतं. नेट गेलं की सगळं ठप्प.

म्हणून संध्याकाळचे दिवे स्पीकरच्या रूटीनवर (त्याच्या ॲपमध्ये आधी ठरवून ठेवलेल्या हुकमांवर) सोडू नका. प्लगच्या स्वतःच्या ॲपमध्ये वेळापत्रक लावा. बऱ्याच प्लगांत ते प्लगच्या आतच साठतं आणि नेट नसलं तरी चालतं. त्यातच 'अवे' किंवा 'रँडम' अशी सोय बघा, ती वेळ रोज थोडी मागेपुढे करते. रोज बरोबर सातला लागणारा आणि दहाला विझणारा दिवा लक्ष ठेवणाऱ्याला आठवड्याच्या आत कळतो. स्पीकरचं काम त्यावरचं: ठाण्यात बसून फोनवरून माजघरातला दिवा मध्येच लावायचा, रेडिओ लावायचा, किंवा पडवीत कोणी घुटमळतंय असं शेजारून कळलं तर आत दोन माणसं बोलतायत असं काहीतरी वाजवायचं.

घेताना दोन गोष्टी बघा. असले प्लग बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने देत असेल तर जोडताना तासभर डोकं फुटतं. दुसरी जास्त महत्त्वाची: वीज जाऊन परत आली की प्लग चालू होतो, बंद राहतो की आधी होता तसा होतो? ते सेटिंग 'मागची स्थिती'वर ठेवा. कोकणात जूनमध्ये वीज किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि मुख्य प्रश्न. आई-बाबा गावाला जाताना मेन स्विच पाडून जातात का?

---

ओसरी (सोमवार, रात्री १०.३८)

पाडतात! आधी मेन, मग गॅसचा रेग्युलेटर, मग देवाला नमस्कार. हा क्रम माझ्या जन्माआधीपासूनचा आहे.

---

फ्यूजवायर (सोमवार, रात्री १०.५५)

मग बाकीची सगळी चर्चा फोल. आणि बाबांचं काही चुकत नाही. बंद घरात ओल येते, वायरिंग जुनं, वर वळवाच्या विजा. मेन पाडून जाणं शहाणपणाचंच आहे.

वायरमनला बोलावून डीबीमध्ये (मेनच्या बोर्डात) एक एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, वेगळा करून घ्या. त्यावर फक्त राउटर, स्पीकर, पडवीचा दिवा आणि आतला एक दिवा. बाकी सगळे एमसीबी खाली पाडून जायचं. बाबांनाही तेवढंच समाधान. आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) असेल तर तो ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो, माणसाचा जीव वाचावा म्हणून. वायरमन 'सारखा पडतो, बायपास करू का' म्हणाला तर ठाम नाही म्हणा. पण मग तो ओलीने एकदा पडला की पुढे सगळा काळोख, आणि तो फोनवरून वर करता येत नाही. तेव्हा किल्ली गावात कुणाकडे तरी हवीच.

राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, तीन-चार तास निघतात. त्याचा एक आडफायदा सांगतो. स्पीकर आणि प्लग यूपीएसवर नसतात. त्यामुळे ॲपमध्ये ते 'ऑफलाइन' दिसले आणि राउटर जागा असला, तर वीज गेलीय असं ठाण्यात बसून समजतं. राउटरही गेला तर एकतर वीज बराच वेळ नाही किंवा फायबर तुटलीय.

---

जर्सीकर (मंगळवार, सकाळी ७.१५)

ओसरींना नेटवर सापडलेलं ते अमेरिकेतलं, म्हणजे इथलंच, म्हणून लिहितो. काच फुटल्याचा आवाज ओळखायची सोय म्हणजे 'ॲलेक्सा गार्ड'. २०१९ च्या मे महिन्यात ती अमेरिकेत सगळ्यांना खुली झाली, फुकट होती. घराबाहेर पडताना 'मी निघालो' म्हणायचं, मग स्पीकर काच फुटण्याकडे आणि धुराच्या अलार्मकडे कान लावून बसायचा. २०२३ च्या अखेरीस गार्ड गुंडाळलं आणि ती कामं 'इमर्जन्सी असिस्ट' नावाच्या सेवेत गेली, तेव्हा महिना साधारण सहा डॉलर. भारतात गार्ड आलंच नव्हतं. तुमच्या ॲपमध्ये रूटीन करताना आवाज ओळखण्याचा पर्याय दिसतोय का ते बघा. दिसला तर आहे, नाहीतर व्हिडिओ बघून मॉडेल बदलायला जाऊ नका.

आणि धूर स्पीकरला कळत नाही बरं का. छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळला की ती किंकाळी तो ओळखतो. ॲपलचा होमपॉडही २०२३ पासून हेच करतो. इथल्या घरांत असे अलार्म सर्रास असतात. तुमच्या माजघरात तो नसेल तर स्पीकर ऐकणार काय?

---

कोयंडा (मंगळवार, सकाळी ९.०५)

पोलीस खात्यातून निवृत्त आहे. बंद घराच्या घरफोड्यांच्या फिर्यादी इतक्या लिहून घेतल्या की 'अज्ञात इसमाने कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला' हे वाक्य झोपेतही लिहीन. सदस्यनाव त्यातूनच आलंय.

वरची चर्चा चांगली आहे, पण तुम्ही सगळे दिव्यापासून सुरुवात करताय. चोर आधी दार बघतो. बाहेरून लोंबणारं कुलूप दिसलं की त्याला बाकी चौकशीची गरज नसते. कुलूप कितीही महागाचं घ्या, कटावणी कुलपाला लावतच नाहीत. कोयंडा चौकटीतून उपटतात, कारण तो अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर बसवलेला असतो. तिथे आरपार बोल्ट टाकून आतून नट आवळून घ्या. खर्च तुमच्या एका प्लगापेक्षा कमी. पुढच्या दाराला आतून अडसर घाला आणि मागच्या दाराने बाहेर पडा, म्हणजे कुलूप रस्त्यावरून दिसत नाही. कौलांखाली माळ्याला जाळी आहे का? नसेल तर आधी ती.

मग अंगण. पाऊस पडला की पंधरा दिवसांत गवत गुडघ्याला लागतं. पाऊलवाट मोडलेली दिसली की घर बंद आहे हे वाटसरूलाही कळतं. गावातल्या कुणाला तरी पैसे देऊन आठवड्यातून दोनदा झाडलोट करायला सांगा. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावायला माणूस आलं-गेलं दिसलं पाहिजे. पडवीत दोन-तीन जोड चपला ठेवा. दोरीवर धुणं ठेवायची युक्ती मात्र पावसाळ्यात करू नका, तोच पंचा आठ दिवस भिजत लोंबताना दिसला तर उलटी जाहिरात होते.

पोलीस ठाण्यात लेखी कळवून जा, बीट अंमलदाराचा नंबर घ्या. दागिने लॉकरमध्ये. आणि नातवंडांना सांगा, विमानतळावरचे फोटो परत आल्यावर टाका.

एवढं झालं की मग स्पीकर लावा. चांगला आहे तो.

---

सातबारा (मंगळवार, सकाळी ९.२०)

काका, +१०००. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

---

उगाचच (मंगळवार, सकाळी ११.००)

धागाकर्त्याने कंपनीकडून किती घेतले? आजकाल 'बाबांना भाच्याने दिला' अशी सुरुवात असली की पुढे जाहिरातच असते.

---

ओसरी (मंगळवार, सकाळी ११.१२)

कंपनीने द्यायला सुरुवात केली की तुम्हाला अर्धे. तोवर कौलांखाली जाळी मारायचा खर्च किती येतो ते सांगू शकत असाल तर सांगा.

---

संशयात्मा (मंगळवार, दुपारी १.४५)

घर राखायला कान ठेवायचा आणि त्या कानावर कुणाची राखण? हे कुणी विचारतच नाही.

२०१८ मध्ये ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडला एका नवरा-बायकोचं घरातलं बोलणं स्पीकरने रेकॉर्ड करून नवऱ्याच्या हाताखालच्या माणसाला पाठवून दिलं. त्यानेच फोन करून सांगितलं, यंत्रं आधी बंद करा. कंपनीने ते नाकारलं नाही. खुलासा असा की यंत्राला बोलण्यात आपलं नाव ऐकू आल्यासारखं वाटलं, मग 'मेसेज पाठव' ऐकू आल्यासारखं वाटलं, मग एक नाव, मग 'हो'. चार वेळा चुकीचं ऐकलं आणि चारही वेळा नेमकं! २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मुलांचे आवाज साठवून ठेवल्याबद्दल ॲमेझॉनला अडीच कोटी डॉलरचा दंड लावला. त्याच सुमारास त्यांच्याच 'रिंग' नावाच्या घरगुती कॅमेऱ्यांचं प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटलं, तिथले कर्मचारी लोकांच्या घरातलं चित्रण बघत होते म्हणून. ओसरींच्या आई कॅमेऱ्याला नाही म्हणाल्या, त्यांचं बरोबर आहे.

आणि हे तर भन्नाट आहे. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या आणि टोकियोतल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की स्पीकरच्या माइकवर लेझरचा झोत टाकून त्याची तीव्रता आवाजाच्या लहरींप्रमाणे कमी-जास्त केली तर माइकला तो आवाज वाटतो. ११० मीटरवरूनही, बंद काचेतूनही, एक शब्दही न बोलता हुकूम देता येतो. दार उघड, दिवे घालव, काहीही.

---

फ्यूजवायर (मंगळवार, दुपारी २.३०)

@संशयात्मा, सगळं खरं आहे. पण गुहागरात लेझर, टेलिफोटो लेन्स आणि तिपाई घेऊन पोफळीत बसणारा चोर आला तर त्याला चहा देऊन नोकरीला ठेवा. त्या संशोधनाचा आपल्यापुरता अर्थ एवढाच की स्पीकर खिडकीत ठेवू नये. लेझर जाऊ दे, खिडकीबाहेरून ओरडूनही काम होतं. २०१७ मध्ये बर्गर किंगने टीव्हीवरच्या जाहिरातीतून लोकांच्या घरातले गूगलचे स्पीकर बोलते केले होते. स्पीकरला आवाज कुणाचा याची फारशी पर्वा नसते. आवाज ओळखून तुमच्या आवडीची गाणी तो लावेल, पण ती ओळख म्हणजे पहारा नव्हे.

खरा धोका याहून अगदी साधा आहे. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रं) ताब्यात घेतले ते कसे? कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. ओसरी, राउटरवर 'ॲडमिन-ॲडमिन' असेल तर आजच बदला. स्पीकरच्या खात्याला दोन टप्प्यांची खातरजमा लावा, म्हणजे पासवर्ड कळला तरी ओटीपीशिवाय कुणी शिरणार नाही. ते खातं ज्याच्या हातात, त्याला तुमच्या घरातले दिवे कधी लागतात, तुम्ही घरी कधी असता, सगळं दिसतं. भाच्याने स्पीकर त्याच्याच खात्यावर सुरू करून दिला असेल, तर आधी ते निस्तरा. माझ्या बघण्यात बहुतेक भेट दिलेले स्पीकर असेच देणाऱ्याच्या खात्यावर चालू असतात.

---

ओसरी (मंगळवार, दुपारी २.४१)

आत्ताच विचारलं. भाच्याच्याच खात्यावर आहे. म्हणजे बाबा पहाटे किती वाजता काय ऐकतात ते पठ्ठ्याला वर्षभर दिसतंय, आणि त्याने ते कधी उघडून बघितलेलंही नाही!

---

मधलीआळी (मंगळवार, सायंकाळी ६.१०)

बंद घराबद्दल मला सांगण्यासारखं नाही. पण आमच्याकडे उलटं आहे, घर उघडं आणि आई एकटी. सांगलीला असते, पंच्याहत्तरी झाली. तिथे हा स्पीकर खरा कामाला येतो, म्हणून लिहिते.

आईने रात्री घाबरून फोन शोधायचा, चष्मा शोधायचा, फोनचं कुलूप उघडायचं, यात वेळ जातो. म्हणून एक रूटीन केलंय. तिने ठरलेले दोन शब्द म्हटले की घरातले सगळे दिवे लागतात, पुढच्या अंगणातलासुद्धा, आणि माझ्या व भावाच्या फोनवर सूचना येते. शब्द निवडताना फार मजा झाली. मराठी त्याला झेपेना. आईला 'धावा' हवं होतं, त्यावर तो कुठलंतरी गाणं लावायचा. शेवटी हिंदी ठेवलं आणि 'लाल बत्ती' ठरलं. रोजच्या बोलण्यात येत नाही आणि घाबरल्यावरही तोंडातून निघतं. महिन्यातून एकदा तिला म्हणायला लावते, नाहीतर विसरेल.

एक लक्षात ठेवा, ११२ ला हा स्पीकर फोन लावत नाही. तो फोनवरूनच करायचा. आईच्या पलंगाशेजारी साधा बटणांचा फोन आहेच.

दुसरं, 'ड्रॉप इन'. मी पुण्यातून थेट आईच्या खोलीत बोलू शकते, तिने फोन उचलायला नको. सुरू होताना तिकडे आवाज होतो आणि हिरवा दिवा फिरतो, त्यामुळे चोरून ऐकणं होत नाही. पण आईला विचारूनच चालू केलं आणि तिने वेळ घालून दिलीय: दुपारी झोपेच्या वेळी नाही आणि मैत्रिणी आल्या असतील तेव्हा नाही. कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवून ठेवलंय, हे काय आहे आणि यातून मी बोलते. भावाचं म्हणणं होतं, कशाला सांगायचं, उलट लक्ष राहील. मी ऐकलं नाही. ज्या बाईच्या हाती घराची किल्ली आहे तिच्यावर लपून कान ठेवायचा असेल तर किल्लीच देऊ नये.

---

ओटाआणिओटी (मंगळवार, रात्री ८.०२)

@मधलीआळी, शेवटच्या दोन वाक्यांसाठी टाळ्या.

सुरक्षेत गॅसही धरा. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साठतो. म्हणून गळती कळवणारा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर-फूटभर उंचीवर लावायचा, छताजवळ नाही. पुष्कळ ठिकाणी तो चिमणीशेजारी वर लावलेला बघितलाय. आणि वास आला तर चुकूनही स्पीकरला 'एक्झॉस्ट लाव' म्हणू नका. पंखा हाताने लावा की बोलून, बटणात किंवा प्लगमधल्या रिलेत (आतल्या स्विचमध्ये) ठिणगी पडायची ती पडतेच. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, घराबाहेर, आणि मग १९०६ ला फोन.

---

छत्तीसगुण (मंगळवार, रात्री ९.३०)

आमचा फ्लॅट आहे, नाशिकला. दाराला स्मार्ट लॉक लावून ते स्पीकरला जोडायचा विचार आहे. हात भरलेले असताना 'दार उघड' म्हणता येईल. कसं?

---

फ्यूजवायर (मंगळवार, रात्री ९.४५)

लॉक 'करायला' जोडा, 'उघडायला' नको. रात्री अंथरुणातून 'दार लाव' म्हणणं सोयीचं आहे. उघडायची सोय ॲलेक्सात मुळात बंद असते. चालू केली की चार आकडी पिन बोलून सांगावा लागतो, आणि तो जिन्यात उभं राहून मोठ्याने सांगायचा म्हणजे शेजारच्या पोरांना पाठ होणार. लॉकची बॅटरी संपली तर काय, हे घेण्याआधी विचारा. बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा पॉवरबँक लावून उघडणारी असतात. साधी किल्ली चालणारं असेल तर उत्तम.

---

हप्ताबंद (मंगळवार, रात्री १०.२०)

विम्यात काम करतो, त्यामुळे स्मार्ट लॉकवाल्यांसाठी एक गोष्ट. घरफोडीच्या पॉलिसीत बहुधा 'बळाचा वापर करून आत शिरणे' ही अट असते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात हेच धरलं की पॉलिसीत तसं लिहिलं असेल तर चोरीआधी बळाचा किंवा हिंसेचा वापर झालेला दिसला पाहिजे. नुसता माल गेला हे पुरेसं नाही. आता विचार करा, कुणी तुमचा पिन ऐकला, दार शांतपणे उघडलं, कपाट साफ केलं आणि दार लावून गेला. तुटलेला कोयंडा नाही, ओरखडा नाही. दावा मांडायला जाल तेव्हा सर्व्हेअर पहिला प्रश्न हाच विचारेल. पॉलिसीत साधी चोरीही धरलीय का ते वाचून बघा. नसेल तर जास्तीचा हप्ता भरून ती घेता येते का विचारा.

कोयंडाकाकांच्या फिर्यादीतल्या त्या वाक्याला आमच्याकडे पैशाची किंमत आहे.

---

कोयंडा (बुधवार, सकाळी ६.५०)

अगदी. म्हणून पंचनामा होईपर्यंत तुटलेल्या कडीला हात लावू नये, सुतार बोलावू नये. लोक घाईघाईने दार दुरुस्त करून मग ठाण्यात येतात.

---

तर्रीवाला (बुधवार, सकाळी १०.३५)

नागपूरकराचा अनुभव घ्या. भावाने कुत्रा भुंकल्याचा आवाज लावून ठेवला होता स्पीकरवर, रात्री दर तासाला. तिसऱ्या रात्री गल्लीतले खरे कुत्रे दारात येऊन बसले, त्याला उत्तर द्यायला. शेजाऱ्यांनी फोन करून करून भावाला इंदूरहून उठवलं. चोर काही आला नाही, एवढं खरं हाय बावा.

---

पोह्यांवरखोबरं (बुधवार, सकाळी १०.४०)

म्हणजे कुत्रा पाळण्याचा माझा सल्ला तांत्रिकदृष्ट्या अमलात आला.

---

विनासायास (बुधवार, दुपारी १२.१५)

हालचाल ओळखणाऱ्या स्पीकरबद्दल कुणी बोललं नाही. ॲलेक्साच्या एको डॉट या छोट्या स्पीकरच्या पाचव्या पिढीत ती सोय आहे. आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडून तो खोलीत कुणी हललं का ते बघतो. माजघरात हालचाल झाली की दिवा लागेल आणि फोनवर कळेल असं रूटीन करता येतं. माझ्याकडे चालतं. अडचण मांजराची. कौलातून मांजर येत असेल तर रोज रात्री तुम्हाला ठाण्यात उठवेल, आणि मग तुम्ही सूचनाच बंद करून टाकाल. कौलारू घरात दाराचा चुंबकाचा सेन्सर बरा. दार उघडलं तरच बोलतो, साध्या पेन्सिल सेलवर चालतो. वायफायवाला घ्या, किंवा झिगबीवाला (वायफायऐवजी वेगळ्या बिनतारी पद्धतीवर चालणारा) घेतला तर त्याला मध्ये जोडणारं यंत्र, हब, लागतो. गोल चेंडूसारख्या चौथ्या पिढीच्या एकोत हा हब आतच आहे.

---

ओसरी (रविवार, रात्री ८.३०)

दोन दिवस गावी जाऊन आलो. काय केलं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

सुताराने दोन्ही दारांचे कोयंडे आरपार बोल्टवर घेतले. पुढच्या दाराला अडसर होताच, आजोबांच्या वेळचा, त्याची खाच साफ करून घेतली. माळ्याला जाळी मारायचं काम पावसाआधी होईल असं तो म्हणतोय. मी विश्वास ठेवलेला नाही, उचल निम्मीच दिलीय.

वायरमनने वेगळा एमसीबी काढून दिला. तो आरसीसीबीच्या पुढे घ्यायचा की मागे यावर त्याचा-माझा वाद झाला, शेवटी फ्यूजवायर यांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. आरसीसीबीमधूनच घेतला. बाबांनी त्या एमसीबीखाली 'हा पाडू नये' अशी चिठ्ठी डकवली आणि लगेच विचारलं, मग मी निघताना काय पाडू? बाकीचे सहा त्यांना पाडायला ठेवलेत.

प्लग दोन: पडवी आणि माजघर, वेळापत्रक प्लगच्या ॲपमध्ये, मागेपुढे होणारं. मागच्या दाराला सेन्सर एक. स्पीकर खिडकीतून उचलून कपाटावर ठेवला आणि नव्या खात्यावर घेतला, पासवर्ड वहीत. राउटरचा पासवर्ड 'ॲडमिन'च होता. लाल दिव्याचं माइक बंद करायचं बटण आईला दाखवलं. पाहुणे आले की आता ती स्वतः दाबते.

किल्ली शेजारच्या काकूंच्या भाचेसुनेकडे. ती आठवड्यातून दोनदा झाडून जाईल आणि तुळशीपाशी दिवा लावेल. मागचं दार उघडलं की मला फोनवर कळतं, हेही तिला सांगितलंय. ती म्हणाली, मग मी आले की तुम्हाला वेगळा फोन करायला नको.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी वाचून विचारलं, हे घर कुठलं, विहिरीजवळचं का? म्हणजे माहीत आहे.

@संशयात्मा, बंद काळात माइक चालू ठेवायचा की नाही ते अजून ठरत नाहीये. बंद केला तरी फोनवरून दिवे आणि रेडिओ चालतात, हे करून बघितलं. बहुतेक बंदच ठेवेन. रिकाम्या घरात ऐकण्यासारखं असणार काय?

---

संशयात्मा (रविवार, रात्री ८.५५)

बंद ठेवा. आणि चालूच ठेवला तर आवाजाची साठवण ॲपमधून पुसत राहा. स्वतःहून पुसली जाईल असंही सेटिंग आहे.

---

मुळशीमामा (सोमवार, सकाळी ७.४०)

धागा उशिरा पाहिला. याच प्लगाने विहिरीचा पंपही लावता येईल का? माझं शेतघर आहे, एक एचपीची मोटर. रोज पंधरा मिनिटं चालली की बाहेरून वस्तीही दिसेल आणि झाडांना पाणीही जाईल.

---

फ्यूजवायर (सोमवार, सकाळी ८.१०)

थेट प्लगावर नको, १६ अँपिअरच्याही नाही. मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते आणि प्लगमधला रिले चिकटतो. चिकटला की ॲपमध्ये 'बंद' दिसेल आणि पंप चालूच. मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरचा जड करंट झेपणारा विजेवर चालणारा स्विच) घाला, प्लगाने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा. मोटरवर जास्त भार आला तर बंद करणारा ओव्हरलोड रिले आणि कोरडी चालली तर बंद करणारा कंट्रोलर हवाच, कारण विहिरीचं पाणी खाली गेलं तर ते सांगायला तिथे कुणी नसणार. वायरमन पंपाच्या कामाचा बघा, घरगुती नको.